आधी मागचं झाकण उघडा

मी पंप बोलतोय. बोटीच्या पोटात, इंजिनाच्या झाकणाखाली, अगदी तळाला जो बसवलेला असतो, तो. बोट विकत घ्यायला येणारी माणसं चाक फिरवून बघतात, गाद्या दाबून बघतात, भोंगा वाजवतात आणि खूश होतात. माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. नका बघू, मला कौतुकाची हौस नाही. पण आता सांगतो आहे ते मुकाट्यानं ऐका, कारण आधीच माझं डोकं फिरलेलं आहे.

माझा जन्म कारखान्यातला. टबात बुडवून चालू केलं, मी घुरघुरलो, पास झालो, आणि त्यांनी मला प्लॅस्टिकच्या पाकिटात कोंडलं. पुढे किती दिवस दुकानात खिळ्याला लटकत होतो कोण जाणे. मग एक दिवस मालक आला. दुकानदार त्याला म्हणाला, "हा सहसा चालतच नाही. लाटेचं थोडं पाणी आत आलं तर तेवढं उपसून बाहेर फेकतो आणि गप्प बसतो. हा जितका कमी चालेल तितकी बोट चांगली, असं समजा."

मला बरं वाटलं. म्हटलं, झालं, आयुष्यभर लोळायचं. मालक मात्र त्यावर काही बोलला नाही. पैसे दिले आणि मला पिशवीत टाकून निघाला.

का बोलला नाही, ते बोटीत बसवल्यावर कळलं. या शहाण्यानं दोस्तांना घेऊन उथळ पाण्यात बोट भरधाव हाकली होती आणि खडकावर घासली होती. तळाला मागच्या अंगाला चांगली हातभर चीर पडली. यार्डात नेऊन ती नीट दुरुस्त करायची, तर ते नाही. यानं स्वतःच पुट्टी थापली, वरून रंग फासला आणि मला आणलं. म्हणजे चीर तशीच राहणार, आणि आतलं पाणी मी उपसत बसणार.

माझ्या शेजारी एक तरंगता गोळा आहे. पाणी चढलं की तो वर उचलला जातो आणि मी चालू होतो. मग ते पाणी ओढायचं आणि बोटीच्या कुशीतल्या भोकातून बाहेर थुंकायचं. दुकानदाराच्या म्हणण्याप्रमाणे मी क्वचित चालायला हवा होतो. मी दिवसभर थुंकत होतो. मालक रोज सकाळी यायचा, मऊ फडक्यानं चाक पुसायचा, काच पुसायचा, पितळी पट्टी चमकवायचा, आणि शीळ घालत निघून जायचा. माझं झाकण उघडून कधी त्यानं विचारलं नाही की बाबा रे, जिवंत आहेस का. मला या माणसाचा मनापासून राग आहे, आणि तो मी लपवणार नाही.

मग बोट विकायचं त्याच्या मनात आलं. गिऱ्हाईक कोण, तर सख्खी थोरली बहीण आणि तिचा नवरा.

पहिल्यांदा ती दोघं आली तेव्हा बोट धक्क्याला बांधलेली होती. झाकणाला हवेसाठी जाळी आहे, तिच्यातून मला बरंच दिसतं. ताईला पोहता येत नाही. पाऊल आत टाकतानाच तिनं दोन्ही हातांनी कठडा धरला. तोवर मालक उडी मारून पुढच्या टोकाच्या सीटवर पाय पसरून बसलाही होता.

"बघा," ताई नवऱ्याला म्हणाली, "पुढची सीट याची. बाबांच्या गाडीतसुद्धा हाच पुढे. एकदा मी आधी जाऊन बसले तर मनगटाला कडकडून चावला होता. अजून वण आहे."

"मग उठायचं होतंस," मालक म्हणाला.

"उठले नाही, म्हणून तर वण आहे."

भावजी मऊ माणूस. मऊ माणसांचा मला कंटाळा येतो, पण हे काही वाईट नव्हते. पलीकडच्या काठावरची मुलं शाळेला आणि मोठी माणसं कामाला रोज लांबचा वळसा घालून येतात, त्यांची या बोटीनं ने-आण करायची, असा त्यांचा बेत होता. दिवसातून कितीतरी खेपा, प्रत्येक खेपेला बोट भरलेली. ते उत्साहानं सांगत होते आणि मालक मान हलवत होता. "पोरांना मजा येईल," असंही म्हणाला. मी त्याच वेळी तळाचं पाणी उपसून धक्क्याच्या पलीकडच्या अंगाला, कुणाला दिसणार नाही असं थुंकत होतो.

ताई म्हणाली, "घेण्याआधी तपासणीवाला आणणार आहे मी."

मालकाचा चेहरा पडला. "घरच्या घरात तपासणी? मी काय परका आहे?"

"परक्याची असती तर न सांगता आणला असता. तू घरचा म्हणून आधी सांगतेय."

"भावजी, तुम्हाला पटतंय का हे?"

"अगं, राहू दे ना," भावजी म्हणाले. "आपल्याच माणसाची बोट आहे."

"पोरं लोकांची बसणार आहेत," ताई म्हणाली, आणि विषय संपला. बाई तिरसट होती. माणसांमध्ये मला जी थोडीफार पसंत पडली, त्यांत तिचा नंबर लागेल.

तपासणीच्या दिवशी बोट यार्डात लाकडांवर चढवली होती. तपासणीवाला जाडा, संथ, काखेत थर्मास घेऊन आलेला. लाकडी हातोडीनं तळावर टकटक करत तो पुढून मागे सरकला. चिरेपाशी आवाज बद्द आला. त्यानं पुन्हा मारली. पुन्हा बद्द.

"इथे काय झालंय?"

"आत रबरी चटई आहे," मालक म्हणाला.

"रंग नवा दिसतोय."

"सगळीकडेच नवा आहे. विकायची बोट काय कळकट दाखवू?"

तपासणीवाल्यानं वाद घातला नाही. आत चढला, माझ्यावर मगभर पाणी ओतलं, गोळा उचलला. मी चाललो. न चालून करतो काय, वायर जोडलेली होती. "पंपसुद्धा नवाकोरा टाकलाय," मालक लगेच ताईला ऐकवून म्हणाला. माझ्या नावानं फुशारकी मारायला त्याला लाज वाटली नाही.

"ठीक," तपासणीवाला म्हणाला. "आता पाण्यात घाला. मला पाण्यात बसून बघायचीय."

बोट पाण्यात उतरली. सगळे धक्क्यावर असताना मालक एकटा आधी आत आला. "जरा पुसून घेतो," म्हणाला. झाकण उघडलं, बॅटरीवरचा स्क्रू सैल केला आणि माझी वायर काढून बाजूला खोचली. कारण उघड होतं. मी चालू झालो की कुशीतून पाण्याची धार उडते. पाण्यावर गेल्यावर ती सारखी उडायला लागली असती, तर तपासणीवालाच काय, भावजींनासुद्धा कळलं असतं. एक चक्कर मारायची, पाणी फार चढायच्या आत परत यायचं, एवढा त्याचा हिशेब. त्याच बोटीत आपली बहीण बसणार आहे, हे त्या हिशेबात कुठे होतं ते मला अजून सापडलेलं नाही.

चौघं निघाली. मालक चाकावर, बाकीचे मागच्या बाकांवर. बोट जोरात पळाली, वळली, पुन्हा पळाली. मालक खुशीत ओरडून म्हणाला, "झालं ना समाधान? चला परत."

"इंजिन बंद करा," तपासणीवाला म्हणाला.

"का?"

"मला चहा प्यायचाय. बोट जरा उभी राहू दे."

काठ चांगलाच लांब होता. इंजिन थांबलं. तपासणीवाल्यानं थर्मासच्या झाकणात चहा ओतला आणि फुंकर घालत बसला. मालक म्हणाला, गार वारा सुटलाय, ताईला बाधेल. ताई म्हणाली, मला काही होत नाही. मालक म्हणाला, भावजींना पुढे कामं असतील. भावजी म्हणाले, छे, आज काही नाही.

इकडे पाणी माझ्या गळ्याशी आलं. मग डोक्यावरून गेलं. गोळा वर उचलला गेला आणि काहीच झालं नाही. वायर समोर लोंबत होती, आणि मी काळ्या, तेलकट पाण्यात गप्प पडून होतो. पुट्टीचा एक तुकडा सुटून माझ्या तोंडावरच्या गाळणीला येऊन चिकटला. पाणी आता झुळझुळत येत होतं. मला बोंब मारायची होती. कधी नव्हे ते मला चालायचं होतं.

मालकाला ते जाणवत होतं. बोट मागे बसायला लागली की चाकावरच्या माणसाला कळतं. त्यानं मागे बघितलं, पुढे बघितलं. मग म्हणाला, "भावजी, तुम्ही जरा पुढे सरकता का? वजन सारखं राहतं." भावजी उठून पुढे गेले.

थोड्या वेळानं तो ताईकडे वळला. असा आवाज मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता, इतका गोड. "ताई, तू पण पुढे जा ना. पुढच्या सीटवर बस. गादी मऊ आहे, वारा छान लागतो."

ताई त्याच्याकडे बघत राहिली. "काय म्हणालास?"

"पुढे बस म्हटलं."

"मी? पुढच्या सीटवर?"

"हो. मी थांबतो की मागे."

तिनं मनगटावरून अंगठा फिरवला. मग उठली, कठडा दोन्ही हातांनी धरला आणि पुढे न जाता मागे यायला लागली. मालक आडवा आला. "तिकडे तेल सांडलंय, कपडे खराब होतील."

"होऊ देत. बाजूला हो."

"ताई, ऐक जरा."

"उभ्या जन्मात तू मला पुढची सीट दिली नाहीस. आजच कुठून आली ही माया? बाजूला हो."

तिनं झाकण उघडलं. पाणी इंजिनाच्या पट्ट्याला टेकलं होतं.

"थोडं येतंच," मालक म्हणाला. "सगळ्याच बोटींत येतं."

तपासणीवाला चहा ठेवून वाकला. "पंपाची वायर निघालीय. यार्डात तर होती."

"हादऱ्यानं निघाली असेल."

"स्क्रूनं आवळलेली वायर हादऱ्यानं निघत नाही हो."

ताईनं तपासणीवाल्याकडे बघितलंच नाही. भावाला म्हणाली, "जोड."

तो गुडघ्यांवर बसला. घाईत स्क्रू एकदा पाण्यात पडता पडता वाचला. वायर लागली आणि मी सुटलो. आयुष्यात इतक्या जोरानं मी कधी चाललो नव्हतो. कुशीतून काळी धार उडाली, थांबेचना, आणि भावजी वाकून तिच्याकडे बघत राहिले. मला आनंद झाला होता, तो चांगल्यातला नव्हता. त्या माणसाची फजिती होत होती म्हणून झाला होता.

"मला तळाचा संशय होताच," तपासणीवाला म्हणाला. "चहा संपेपर्यंत थांबून बघणार होतो."

"आणि तोवर बुडालो असतो, तर चहा कुणाला पाजला असता?" ताई म्हणाली. त्यानं उरलेला चहा पाण्यात ओतला.

इंजिन कुरकुरत चालू झालं. परतीच्या वाटेभर मी थुंकत राहिलो. धक्क्याला लागल्यावर मालकानं ताईला हात दिला. तिनं तो घेतला नाही. भावजींचा खांदा धरून वर चढली आणि मग वळली.

"चीर आहे म्हणून सांगितलं असतंस, तरी यांनी बोट घेतली असती. दुरुस्त करून घेतली असती, तुझी म्हणून."

"चुकलं माझं, ताई."

"मला पोहता येत नाही. यांना ते लग्नानंतर कळलं. तुला पहिल्यापासून माहीत आहे."

"मी होतो ना तिथे," तो म्हणाला. "मी तुला बुडू दिलं असतं का?"

"हे सकाळी विचारलं असतंस, तर नाही म्हणाले असते," ताई म्हणाली आणि चालू लागली. भावजी क्षणभर घुटमळले, मग तेही तिच्या मागून गेले. ती दोघं पुन्हा या धक्क्यावर आली नाहीत.

तुम्हाला वाटत असेल, मालक सुधारला. मलाही चार दिवस तसं वाटत होतं. चार दिवस तो आलाच नाही. पाचव्या दिवशी आला तो पुट्टीचा डबा घेऊन. बोट लाकडांवर चढवून चीर पुन्हा थापली, पुन्हा रंग मारला. परवा तो एकटाच पुढच्या सीटवर बसला होता, पाय पसरून. आता ती सीट त्याचीच आहे, भांडायला कुणी नाही. बराच वेळ बसला. काय मनात होतं ते मला ठाऊक नाही, आणि मला त्याची कीव करायची नाही.

कारण उद्या नवं गिऱ्हाईक येणार आहे. नवरा, बायको आणि दोन लहान मुली. तपासणीवाला आणणार नाहीत. फोनवर मालकाशी बोलले, माणूस फार चांगला वाटला म्हणाले. बोट उद्याच पाण्यात उतरेल, आणि माझी वायर त्यानं आजच काढून ठेवली आहे.

मी काही करू शकत नाही. वायरीविना मी म्हणजे प्लॅस्टिकचा गोळा. म्हणून तुम्हाला सांगतोय, आणि विनवणी करायची मला सवय नाही, तेव्हा हे दरडावणं समजा. बोट घ्यायला जाल तेव्हा चमक बघू नका, गाद्या दाबू नका. पाण्यात घाला, उभी करा, वेळ जाऊ द्या. आणि कुणी फारच प्रेमानं म्हणालं, "या, तुम्ही पुढे बसा," तर बसू नका. मुलींनाही बसवू नका. मागे या. झाकण उघडा. मी तिथेच आहे.