चौऱ्याहत्तरांतली एक

चौथीच्या वर्गात जागा चाळीस मुलांची आणि मुलं चौऱ्याहत्तर. दोघांच्या बाकावर तिघं, उरलेली खिडकीखाली सतरंजीवर. बाईंची नोकरी बावीस वर्षांची, आवाज खणखणीत, तरी दुपारपर्यंत त्यांच्याही नाकी नऊ येत. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही म्हणतात, तसंच वर्गातही. दंगा करणाऱ्यांकडे बाईंचं लक्ष जाई, नाहीतर भराभर हात वर करणाऱ्यांकडे. मधली गप्प बसणारी मुलं म्हणजे सुंठीवाचून खोकला गेला.

त्या गप्प मुलांत एक मुलगी होती. तिचं अक्षर इतकं सुरेख, की बाईंनीच तिचं नाव ‘मोती’ पाडलं होतं. फळ्यावरचा मजकूर ती काना-मात्रेचीही चूक न करता उतरवून घेई. बाई तिची वही सगळ्यांना दाखवत. "बघा, शिका जरा हिच्याकडून!" वाचन मात्र अख्खा वर्ग एका सुरात करी, एकेकाला उभं करायचं तर आठवडा पुरला नसता. परीक्षेत मोती प्रश्नच नीट उतरवून काढी, खाली शेजारणीचं बघून चार ओळी लिही. बाई अक्षराकडे बघत आणि तिला वर ढकलत.

मग गावात डोळ्यांची साथ आली आणि एका सकाळी वर्गात अकराच मुलं उरली. एवढी शांतता बाईंना सोसवेना. त्यांनी एकेकाला वाचायला उभं केलं. मोतीने अख्खा धडा न अडखळता म्हटला. बाई कौतुकाने जवळ गेल्या, तर तिच्या हातात पुस्तक उघडं होतं ते भलत्याच पानावर.

बाईंनी पान बदललं, बोट ठेवलं. "हे वाच."

मोतीने त्या शब्दावरून नुसतं बोट फिरवलं.

"अगं, एवढा एक शब्द."

"बाई, मला अक्षरं काढता येतात," ती हळूच म्हणाली. "ती काय म्हणतात ते कळत नाही."

बाईंनी पुस्तक मिटलं. "मग आधी का नाही सांगितलंस?"

"सांगायला आले होते. दोनदा. तुम्ही म्हणालात, जागेवर बस."

त्यात तक्रारीचा सूर नव्हता. तक्रार असती तर बाईंना रागावता तरी आलं असतं.

साथ होती ते चार दिवस बाईंनी तिला शेजारी घेऊन शिकवलं. चौथ्या दिवशी मोतीने बोट फिरवत फिरवत "खिडकी" असं वाचलं आणि चमकून खिडकीकडे पाहिलं. बाईंना हसू आलं, डोळेही भरले.

पुढच्या सोमवारी वर्ग पुन्हा गच्च भरला. बाई हेडसरांकडे गेल्या. "मला रोजचा अर्धा तास द्या. एका मुलीसाठी."

हेडसर स्वतःच दोन वर्ग एकत्र शिकवत होते. ते दमून म्हणाले, "आणि त्र्याहत्तरांना काय वाऱ्यावर सोडायचं? तुमच्या वर्गावर बसायला माणूस आणू कुठून?"

मधल्या सुट्टीत शिकवायचं ठरलं. आठवडाभर जमलं. मग तपासणी आली, पेपरांचे गठ्ठे आले. मोती स्टाफरूमच्या दाराशी पुस्तक घेऊन उभी राही, बाई मान वर न करता म्हणत, "उद्या हं, बाळ." काही दिवसांनी ती यायची थांबली, आणि ते बाईंच्या लक्षात आलं पंधरा दिवसांनी.

वर्षअखेरीला प्रगतिपुस्तकावर शेरा लिहायची वेळ आली. ‘वाचता येत नाही’ लिहिलं तर पहिला प्रश्न बाईंनाच येणार होता. त्यांनी ‘अक्षर सुंदर’ लिहिलं आणि सही केली. मोती पास होऊन मोठ्या शाळेत गेली.

तो शेरा बाईंना सुट्टीभर टोचत राहिला. शाळा सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात त्या मोठ्या शाळेत गेल्या. तिथल्या सरांनी हजेरी चाळली. "ती होय! पहिल्याच दिवशी वाचायला उभी केली. मुलं हसली. दुसऱ्या दिवसापासून आलीच नाही."

बाई तशाच तिच्या घरी गेल्या. आईने खुर्ची पुसून दिली. "तिचं मनच नाही हो शाळेत. तुमच्या वर्गात किती हुशार होती!"

मोती आतून बाहेर आली. बाई तिला म्हणाल्या, "रविवारी माझ्या घरी येशील? तू एकटीच. मी शिकवीन."

"राहू दे बाई," मोती म्हणाली. "तुम्हाला किती मुलं असतात." ती खरंच बाईंची काळजी करत होती.

त्या वर्षी बाईंनी नव्या वर्गातल्या एकेका मुलाला जवळ बोलावून वाचायला लावलं. एकोणीस दिवस गेले. अभ्यासक्रम मागे पडला, हेडसरांची बोलणीही खावी लागली. वाचता न येणारी सहा मुलं सापडली. वर्षअखेरीपर्यंत चार वाचायला लागली, दोन नाहीच. बाईंनी शेऱ्यात दोघांचंही खरं ते लिहिलं.

मोतीकडे त्या आणखी दोनदा गेल्या. पहिल्यांदा ती घरी नव्हती. दुसऱ्यांदा दाराला कुलूप होतं, आणि शेजारीण म्हणाली की ती मंडळी कुठे गेली ते सांगून गेली नाहीत.