तहहयात मत

टेबलावरच्या बिल्ल्यांमध्ये शशिधर टिळेकरांचं नाव नव्हतं. तिथल्या मुलीने सगळे बिल्ले पुन्हा चाळले, मग लॅपटॉपकडे पाहिलं, मग शशिधरांकडे. तिचा चेहरा उतरला.

"सर, आमच्याकडे नोंद आहे की तुम्ही... तुम्ही वारलात," ती इंग्रजीत पुटपुटली.

"आजोबा, यू आर डेड!" नात दिया खो खो हसली. आजोबा हसले नाहीत.

इंग्लंडमधल्या ब्रॅकनेल गावच्या त्या हॉटेलात आंतरराष्ट्रीय ड्राय-स्लोप स्की महासंघाची सभा होती. ड्राय स्लोप म्हणजे बिनबर्फाचा उतार. टेकडीवर नायलॉनच्या ब्रशांच्या चटया अंथरायच्या, पाण्याचे फवारे सोडायचे आणि पायांना स्कीच्या लांब पट्ट्या बांधून त्यांवरून घसरायचं. पाणी थांबलं की घर्षण वाढतं आणि स्कीचा तळ तापून खराब होतो. शशिधर वॉटफर्डजवळच्या एका कारखान्यात अशा चटया बनवत. त्यातूनच ते समितीवर गेले. नव्वदच्या दशकात दोन उमेदवारांचं भांडण मिटेना, तेव्हा ज्याच्याविरुद्ध कुणाचीच तक्रार नाही असा माणूस म्हणून ते अध्यक्ष झाले. खऱ्या बर्फावर ते कधी उतरलेच नाहीत. त्यांच्या कारकिर्दीत लक्षात राहण्यासारखा एकच नियम झाला: माजी अध्यक्षांना तहहयात मत.

आता उतार एकेक करून बंद पडले होते. आजचा ठराव महासंघ विसर्जित करण्याचा होता. तो मंजूर होणार हे शशिधरांना ठाऊक होतं. निदान एकमताने होऊ नये, एवढ्यासाठीच ते आले होते.

"पण मी गेलो असं यांना सांगितलं कुणी?"

त्यांच्या पत्नी यमुनाबाई पर्सच्या चेनशी चाळा करत म्हणाल्या, "यांच्या ऑफिसातून मागे एक फोन आला होता. प्रेसिडेंटशी बोलायचंय म्हणे. मी म्हटलं, ही इज पास्ट. माजी आहात ना तुम्ही, उगाच खोटा मान कशाला घ्यायचा?"

"मग?"

"मग ती म्हणाली, सो सॉरी. मी म्हटलं, इट्स ऑलराइट, लाँग टाइम अ‍ॅगो. इतकी हळहळली बिचारी! मला वाटलं, काय आदर आहे हो तुमच्याबद्दल!"

दियाने कपाळावर हात मारला. "आजी! इकडे कोण मेला की 'पास्ड' बोलतात. साउंड सेम येतो!"

"मग असं अर्धवट कशाला बोलायचं? मेला तर मेला म्हणावं सरळ."

सध्याच्या अध्यक्षबाई धावत आल्या. त्यांनी शशिधरांचे दोन्ही हात हातात घेतले, तीनतीनदा माफी मागितली. पण मतदारांची नावं शुक्रवारीच पक्की झाली होती. आता एकही नाव वाढवता येत नव्हतं.

"नियमात तहहयात म्हटलंय," शशिधर म्हणाले. "आणि मी जिवंत आहे."

"हो, ते दिसतंच आहे," बाई कळवळून म्हणाल्या आणि त्यांना मागच्या रांगेत, पाहुण्यांच्या खुर्च्यांकडे घेऊन गेल्या.

"आजोबा, घरी जाऊ या. हा लोक रूड आहे," दिया कुजबुजली.

"नाही गं. चांगले आहेत सगळे," शशिधर म्हणाले आणि बसले.

ठरावावर फारशी चर्चा झाली नाही. बाजूने हात वर झाले. पुढच्या रांगेतल्या दोन्ही माजी अध्यक्षांचेही झाले. मग बाईंनी विचारलं, विरोधात? शशिधरांचा हात मांडीवरून किंचित उचलला गेला. त्यांनी तो तसाच टायच्या गाठीकडे नेला.

"एकमताने मंजूर," बाई म्हणाल्या. टाळ्या वाजल्या, पण थोड्याच.

शेवटी दिवंगत अध्यक्षांसाठी सगळे उभे राहिले. पडद्यावर एक फोटो आला, मग दुसरा. तिसरा शशिधरांचा होता: काळे केस, जाड फ्रेमचा चष्मा. काढायचा राहून गेला असावा. बाईंनी लॅपटॉपकडे पाहून काहीतरी खूण केली. तिथली मुलगी घाबरून बटणं दाबत राहिली. फोटो हलेना. मागे वळून पाहायचा धीर कुणालाच झाला नाही.

शशिधरही उभे होते. यमुनाबाई तेवढ्या बसून होत्या. त्यांनी नवऱ्याची बाही ओढली. "अहो, तुम्ही तरी बसा ना."

"ऊठ," ते हळूच म्हणाले. "बाकीचे दोघे खरंच गेलेत."

यमुनाबाई पर्स छातीशी धरून उठल्या आणि पडद्याकडे न पाहता, मान खाली घालून उभ्या राहिल्या.