पहिलारू

"बुधवारी दवाखान्यात ये. बाळाला घेऊन ये, नाहीतर एकटी ये, पण ये," नर्सताईंनी बजावलं होतं. "मनातलं बोलायला तिथं एक बाई बसतात. औषध लागलं तर तेही देतील." तिनं मान हलवून कबूल केलं होतं.

मागचा बुधवार तसाच गेला. आज पुन्हा बुधवार, आणि नेमकी आजच पहाटे गाय व्याली. तिला सुटल्यासारखं झालं. गोठ्यात काम निघालं की घरात जायला नको. पाळण्यातलं पोर रडायला लागलं की ती दारातच थबके. उचललं तर आपल्या हातून पडेल, काहीतरी वाईट होईल. पोटच्या पोराची भीती वाटते, हे देवापुढंही बोलवत नव्हतं. हात जोडले की माफी तेवढी मागायची.

गाय पहिलारू, पहिल्याच वेताची. वासरू जवळ आलं की लाथ झाडत होती.

"कसली आई म्हणायची ही," ती पुटपुटली.

सासूनं मूठभर मीठ वासराच्या पाठीवर चोळलं. "तिला बोल लावू नकोस. घाबरलीय. मिठाच्या चवीनं चाटायला लागेल. नाहीच लागली तर डॉक्टरला बोलवू, तोवर बाटलीनं पाजू. उपाशी थोडंच ठेवणार?"

गाय हुंगून मागं सरली. पुन्हा पुढं आली. एकदा जीभ फिरवली.

तिनं हातातली बादली खाली ठेवली. "आई, मलाही पोराला जवळ घेववत नाही."

सासूचा हात थांबला. "म्हणून गोठ्यात राबत असतेस होय. आणि मी गावभर सांगत सुटले, सून कामाला वाघीण आहे म्हणून."

"नर्सताईंनी बोलावलंय. आज."

"मग इथं शेण कशाला काढत बसलीस?" सासूचा आवाज उतरला. "परवा पोर रडत होतं, तेव्हा तुला नाही नाही ते बोलले मी."

"बरोबरच होतं तुमचं."

"गप. काय बरोबर?"

"शेजारीण विचारेल, कुठं गेली म्हणून."

"दवाखान्यात गेलीय म्हणेन. पुढचं विचारलं तर हातात पाटी देईन, म्हणेन शेण भर. पोराला बघते मी. जा."

तिनं हातपाय धुतले. पाळण्याशी थांबली. उचलायचा धीर झाला नाही. झोपलेल्या पोराच्या तळहाताला बोट लावलं. बोट मुठीत आलं. ते सोडवून घेतानाही तिला अपराध्यासारखं वाटलं.

बांधावरचं गवत दवानं ओलं होतं. डोक्यावरचा पदर सारखा करून ती दवाखान्याच्या वाटेला लागली.