टाकीतला गृहपाठ

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या प्रेमला ओव्हाळांनी शेवाळाच्या जैवतंत्रज्ञानाचा ऑनलाइन कोर्स लावला, तेव्हा विश्रांतवाडीतली त्यांची अख्खी सोसायटी हसली.

पहिल्याच गृहपाठाला जिवंत शेवाळ हवं होतं. प्रेमलाबाई गच्चीवर गेल्या आणि सोसायटीच्या पाण्याच्या टाकीतून बाटलीभर हिरवागार नमुना घेऊन उतरल्या. जिन्यात सेक्रेटरी देसले भेटले.

"अहो, टाकी गेल्याच महिन्यात धुतलीय!"

"असेल. शेवाळाला कुणी कळवलेलं दिसत नाही," प्रेमलाबाई म्हणाल्या. "याची जोपासना कुणी केली, तेही लिहायचंय. आपलं नाव घालू का?"

देसले तडक खाली गेले. संध्याकाळपर्यंत टाकी लख्ख झाली. प्रेमलाबाईंना समाधान वाटलं, पण जरा हळहळही वाटली. इतकं जोमदार शेवाळ आता पुन्हा कुठं मिळणार?