यिन मेच्या नावाचं पाणी

मित्रांनो, मी यांगून शहरातला एक जुना पाण्याचा माठ आहे. पोटाला तडा गेलेला, पण अजून पाझरणारा. नदीपलीकडच्या त्वांते गावच्या चाकावर मी घडलो, भट्टीत भाजलो आणि पेंढ्यात बसून नावेने इकडे आलो. मोठ्या पॅगोड्याच्या दक्षिण जिन्याजवळ, चिंचेखाली, दॉ न्यो नावाच्या बाईंनी आपल्या घराच्या खिडकीसमोर मला घडवंचीवर ठेवलं. वाटसरूला पाणी पाजणं हे आमच्याकडे मोठं पुण्य. बुद्धापुढे फुलं ठेवून मला भरल्याशिवाय दॉ न्योंनी कधी चहासुद्धा तोंडाला लावला नाही.

परदेशी पाहुणे थांबत, पाणी पीत आणि विचारत, "इथे काय काय पाहावं?"

"भर दुपारी वर चढू नका हो," दॉ न्यो सांगत. "अनवाणी जायचं असतं, फरशी तव्यासारखी तापते. उन्हं कलली की जा. सकाळी माशाच्या रश्श्यातल्या शेवया खा, मोहिंगा म्हणतात. उशिरा उठलात तर पातेल्याचा तळ बघाल! आणि नावेने पलतीरी जाऊन या. बघायला काही नाही, पण वारा आहे."

"आणि माझा विडा? तो नाही सांगत कुणाला!" शेजारचे विडेवाले ऊ फो टोक कुरकुरत.

"दात चांगले आहेत त्यांचे. राहू देत."

मग त्यांचा आवाज खाली येई. "एक काम कराल? माझी लेक यिन मे आजारी आहे. बुधवारची आहे ती. वर बुधवारचा हत्ती आहे, त्याच्यापाशी तिच्या नावाने पेलाभर पाणी ओता."

आमच्याकडे प्रत्येक जन्मवाराचा पॅगोड्याभोवती एक कोपरा असतो. तिथे पाणी ओतून माणूस आपल्यासाठी मागणं मागतो. यिन मे अंथरुणाला खिळलेली. तिला एकटी टाकून आईला जिना चढवत नव्हता.

एकदा एक परदेशी मुलगी आनंदाने परत आली. "ओतलं हं! काय सुंदर सुळे आहेत त्याचे!"

"सुळे?" दॉ न्योंच्या हातातला पेला तसाच राहिला.

बुधवारचे हत्ती दोन. सकाळी जन्मलेल्यांचा सुळ्यांचा, जिना चढताच दक्षिणेला. दुपारनंतरच्यांचा बिनसुळ्यांचा, पार वायव्येला. यिन मे दिवेलागणीला जन्मलेली. इथल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. पण परक्याला ते सांगावं लागतं, हेच दॉ न्योंना कधी सुचलं नाही. इतके महिने सारं पाणी दुसऱ्याच हत्तीला!

"पुण्य लागलं तुम्हाला," एवढंच त्या मुलीला म्हणाल्या. ती गेल्यावर माझ्यापाशी बसून बोटांवर महिने मोजू लागल्या.

"अहो, वर काय टपालखातं आहे, पत्ता चुकला म्हणून अडकायला?" ऊ फो टोक म्हणाले. पण त्यांनाही हसू आलं नाही.

खिडकीतून यिन मेचा आवाज आला. "आई, मग तूच जा ना. साऱ्या जगाला वाट सांगतेस. मी बसते माठापाशी."

ऊ फो टोकांनी तिला धरून आणलं, वेताच्या खुर्चीत बसवलं. माझ्या गार पोटावर तळहात टेकून ती बसली. कुणी विचारलं की धापा टाकत सांगे, "उन्हं कलू द्या... पलतीरी वारा आहे." तो वारा तिच्या अंगाला कधीचा लागला नव्हता.

दॉ न्यो घामाने भिजून परतल्या. "ओतलं गं. बिनसुळ्याच्याच."

"बघ, बरं वाटतंय आता," यिन मे म्हणाली.

ते खरं नव्हतं. तिचा तळहात मला भाजत होता.

पावसाळा सरायच्या आत ती गेली. दॉ न्योंचं दार बंद राहिलं. मी कोरडा पडलो, तडा रुंदावला, येणारेजाणारे माझ्यात कागद टाकू लागले. पाहुण्यांच्या हाती बाटल्या होत्याच.

मग एका सकाळी त्या आल्या. कागद काढले, तडा लिंपला, मला भरलं. एका पाहुण्याने विचारलं तसं सगळं सांगितलं: फरशी, मोहिंगा, वारा. आणि शेवटी आवाज खाली गेला. "तुमच्या घरी कुणी आजारी आहे का? वार सांगा. बुधवार असेल तर सकाळ की संध्याकाळ, तेही सांगा. मी ओतून येते. मला आता घरी परतायची घाई नसते."

मित्रांनो, वाटेवरच्या माठाचं पाणी प्यालात तर झाकण ठेवा, त्यात कचरा टाकू नका. आणि पाणी देणाऱ्याला वाट विचाराल, तेव्हा त्याच्या घरचंही विचारा. वाट सांगणाऱ्याला कधी कधी स्वतः तिथे जायला मिळालेलं नसतं.