दहावं नख

माझ्या नणंदबाई पार्लरमध्ये शिरल्या की आधी आरशाला दटावतात. "काय रे, आज तरी खरं बोलशील का?" मग खुर्चीत बसतात, दोन्ही हात टॉवेलवर पसरतात आणि मला म्हणतात, "चला पार्लरीणबाई, करा काय चमत्कार करायचाय तो."

पार्लर म्हणजे आमच्या घराचीच रस्त्याकडची खोली. दोन खुर्च्या, एक अरुंद पलंग, भिंतीभर आरसा आणि कोपऱ्यात वाफेचं यंत्र. ते सुरू व्हायच्या आधी बराच वेळ कुरकुरतं, म्हणून वन्सं त्याला 'तुझा नवरा' म्हणतात. नवरा म्हणजे त्यांचाच धाकटा भाऊ. आई लवकर गेल्यावर त्यांनीच त्याला वाढवलं, त्यामुळे त्याला नावं ठेवायचा पहिला मान त्यांचा.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी मी तापाने अंथरुणाला खिळले होते. उठले तेव्हा केसांचा नुसता गुंता झाला होता. कापून टाका, असं सगळ्यांचं मत पडलं. वन्सं मात्र रोज संध्याकाळी तेलाची वाटी घेऊन उशाशी बसायच्या आणि एकेक बट सोडवायच्या. हात लोण्यासारखा, आणि तोंडाचा पट्टा चालू. "एवढे केस कशाला आणलेस गं माहेरून? तिथे ठेवायला कपाट नव्हतं?" दुसऱ्याच्या अंगाला हात कसा लावायचा, हे मी पार्लरचा कोर्स करायच्या आधी त्यांच्याकडून शिकले.

सकाळी मी देवापुढे बसते, बोटांच्या पेरांवर नाम मोजते आणि मग पार्लरचं दार उघडते. उघडताना एक नेम रोज नव्याने मनाशी धरते. दारी आलेल्या बाईला विन्मुख पाठवायचं नाही. तिला भुवया करायच्या असोत, की नुसतं पंख्याखाली बसून सुनेची गाऱ्हाणी सांगायची असोत. 'नाही' हा शब्द तसाही माझ्या तोंडातून लवकर निघत नाही. रस्त्यापलीकडच्या काचेच्या दाराच्या पार्लरवालीशी मात्र माझं बोलणं नाही. आधी ती माझ्याकडेच काम करायची. जाताना माझी निम्मी गिऱ्हाइकं घेऊन गेली, आणि तेव्हापासून आमच्यात विस्तवही जात नाही. देवाला हे आवडत नसणार, पण आहे ते आहे.

त्या दिवशी वन्सं आल्या त्या हवेतच. मुलाला मुलगी झाली होती. तो विमानाने जावं लागतं इतक्या लांब राहतो, आणि रविवारचं तिकीट हातात होतं.

"हात असे करून दे," त्या म्हणाल्या, "की पोरीने डोळे उघडले की म्हटलं पाहिजे, ही आजी आहे की मावशी?"

"पंधरा दिवसांची आहे ती, वन्सं. तिला अजून नीट दिसतसुद्धा नाही."

"दिसत नसेल, पण माझ्या सुनेला दिसतं ना!"

मी हसत हसत त्यांचा हात हातात घेतला. मागच्या खेपेला त्यांची सगळी नखं पिवळट-तपकिरी झाली होती. घरी खालचा पारदर्शक थर न लावता गडद मरून रंग चोपडायची त्यांची जुनी खोड. तो रंग नखात मुरतो. उजव्या अंगठ्याच्या नखावर एक तपकिरी रेघ होती, तीही मी त्यातच धरली. "रंग बसलाय," मी म्हटलं होतं. "काही महिने नखं उघडी ठेवा. नवं नख येईल तसं जाईल." आणि कधी नव्हे ते त्यांनी माझं ऐकलं होतं.

आता नऊ नखं धुतल्या शिंपल्यासारखी झाली होती. अंगठ्यावरची रेघ तशीच होती. नाही, तशीच नव्हती. मुळापाशी ती रुंद झाली होती, कडा फिसकटल्या होत्या, आणि नखाच्या मागच्या कातडीत तोच रंग उतरला होता, ओल्या कागदावर शाई पसरावी तसा.

मी कापसावर रिमूव्हर घेतलं आणि पुसून पाहिलं. कापूस पांढराच राहिला.

"इथे काही लागलं होतं का?"

"दारात चेमटलं असेल. माझं काय लक्ष असतं?"

"चेमटल्याचा डाग नखाबरोबर पुढे सरकतो, वन्सं. हा मुळापासून येतोय."

"मग येऊ दे. आपल्याला काय, वरून तो मरून लावला की झालं. त्यासाठीच तर आणलाय." त्यांनी पर्समधून बाटली काढून टॉवेलवर ठेवली.

करंगळीपासून सुरुवात केली. नखं घासली, आकार दिला, कडेची कातडी मऊ केली, तळव्यांना तेल चोळलं. एकेक नख रंगवत गेले. त्या बोलत होत्या, मी हुंकार देत होते. शेवटी अंगठा उरला. मी बाटलीचं झाकण लावलं.

"अगं, हा राहिला."

"तो मी नाही करणार."

त्यांना गंमत वाटली. "का? ह्याचा वेगळा मुहूर्त आहे?"

"हे माझ्या हातातलं काम नाही, वन्सं. आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. आजच दाखवा. मी येते तुमच्याबरोबर."

"तू कधीपासून डॉक्टर झालीस?"

"नाही ना झाले. म्हणून तर म्हणतेय. हे काय आहे ते मला सांगता येणार नाही. पण ह्याच्यावर रंग लावला तर रोज दिसायचं तेही दिसणार नाही."

त्यांचा चेहरा उतरला, आणि मग चढला. "रविवारी निघायचंय मला! आता डॉक्टर म्हटलं की तपासण्या आल्या, तपासण्या म्हटल्या की 'थांबा' आलं. आल्यावर दाखवीन."

"कधी येणार?"

"पोरगी बसायला लागली की."

म्हणजे सहा महिने. मी नकारार्थी मान हलवली.

"केस सोडवले तुझे ह्या हातांनी," वन्सं हळू आवाजात म्हणाल्या. "आणि तू ह्याच हाताला नाही म्हणतेस?"

त्यांनी बाटली उचलली, अंगठा मुठीत मिटला आणि उठल्या. "दुसरी पार्लरं काही ओस नाही पडलेली." दार आपटलं. मी पाहिलं, त्या थेट रस्ता ओलांडून काचेच्या दारात शिरल्या.

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या खुर्चीतून कुणी विन्मुख उठलं होतं, आणि तेही त्या. मी खिडकीशी उभी राहिले. पलीकडचं सगळं दिसत होतं. ती लगबगीने उठली, वन्संना बसवलं, बाटली हातात घेतली. साधं काम, दोन मिनिटांचं. मग तिने अंगठा दिव्याखाली धरला. वळवून पाहिला. अंगठा तसाच हातात धरून तिने मान वर केली आणि रस्त्यापलीकडून सरळ माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

तिने बाटली खाली ठेवली.

वन्सं परत आल्या त्या हळूहळू. आरशाकडे पाहिलंही नाही. खुर्चीत बसल्या.

"तीपण नाही म्हणाली," त्या म्हणाल्या. "म्हणे, 'ताई, हे आमचं काम नाही. त्यांनी नाही केलं ना? मग मीपण नाही करणार.' एकमेकींची तोंडं बघत नाही तुम्ही, आणि माझ्या अंगठ्यावर बरं एकमत झालं!"

मी त्यांच्यासमोर जमिनीवरच बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"मला जाऊ देणार नाहीत गं," त्या म्हणाल्या. "लेकाच्या वेळेला मी भावाचं बघत होते, घर बघत होते. पोर कधी मोठं झालं कळलंच नाही. हिला तरी पोटभर मांडीवर घ्यावं म्हटलं. पुन्हा काय ती एवढीशी होणार आहे?"

"नाही होणार," मी म्हटलं. खोटं कसं बोलू? "पण तिला आजी लागणार आहे, वन्सं. नुसती एवढीशी असतानाच नाही. शाळेत जाताना, रुसून बसल्यावर. केसांत गुंता झाल्यावर."

त्या नाक पुसून म्हणाल्या, "तिचे केस तुझ्यावर गेले तर मेलेच मी."

मी दाराला 'बंद'ची पाटी अडकवली आणि आम्ही निघालो.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. रेघ कधीपासून आहे, रुंद कधी झाली, एवढंच विचारलं. मग म्हणाल्या, "ह्याचा छोटा तुकडा तपासायला पाठवू. उशीर करायला नको. कुणी पाठवलं तुम्हाला?"

"दोन बायकांनी," वन्सं म्हणाल्या. "त्यांचं आपसात पटत नाही, म्हणून मी विश्वास ठेवला."

रविवारचं विमान वन्संशिवाय गेलं. माझा नवरा बहिणीला एरवी कधी उलट बोलत नाही. तिकीट पुढे ढकलताना मात्र तो फोनवरच्या माणसावर इतका ओरडला, की वन्संनी त्याच्या हातातून फोन काढून घेतला आणि त्या माणसाची माफी मागितली. "लहानपणापासून असाच आहे हो हा."

रिपोर्ट यायचा होता तोवर सकाळी माझा जप पुरा होत नव्हता. पेरं मोजतो तो अंगठाच. तो पेरावरून सरकला की मला वन्संचा अंगठा दिसायचा आणि नाम तिथेच थांबायचं. शेवटी मोजणं सोडलं. नुसती हात जोडून बसून राहिले. देवाला हिशोब कळतो.

रिपोर्ट वाईट होता आणि चांगलाही होता. कर्करोगच होता, पण जागचा हललेला नव्हता, वरच्या थरातच होता. नख मुळासकट काढावं लागलं आणि त्या जागी मांडीची कातडी लावली. बाकी अंगठा राहिला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सहा महिन्यांनी आला असता तर मी हे असं हसून सांगत नसते.

त्या संध्याकाळी मी रस्ता ओलांडला. काचेच्या दारात उभी राहून म्हटलं, "थोडक्यात निभावलं." ती गिऱ्हाइकाच्या केसांना रंग लावत होती. तशीच थांबली. "मी रोज बघत होते तुमच्या दाराकडे," ती म्हणाली. "विचारायचं कसं, कळत नव्हतं." मग म्हणाली, "बसा ना." मी बसले.

जखम भरल्यावर वन्सं नातीकडे गेल्या. नात तेव्हा मान धरायला लागली होती. एकदा फोनवर त्यांनी दाखवलं. पोरीने इवल्या मुठीत नेमका तोच अंगठा आवळून धरला होता. "बाकीची बोटं नकोत हिला," वन्सं कौतुकाने तक्रार करत होत्या. "हाच पाहिजे. गुळगुळीत लागतो ना! आणि केस बघ, एक नाही डोक्यावर. सुटले मी."

काल त्या परत आल्या. आरशाला दटावलं, वाफेच्या यंत्राला "कसा आहेस रे" विचारलं, आणि दोन्ही हात टॉवेलवर पसरले. सोबत तीच मरून बाटली.

मी करंगळीपासून सुरुवात केली. नऊ नखं झाली तेव्हा त्यांनी स्वतःच अंगठा पुढे केला. त्याची कातडी अजून नवी होती, बाकी हातापेक्षा गोरी आणि मऊ.

"ह्याला नुसतं तेल लाव," त्या म्हणाल्या. "आणि घाई करू नकोस."

मी तेल कोमट केलं. घाई केली नाही.