गव्यांना डोंगर दाखवला त्याची गोष्ट

आमच्या भोमवाडीच्या डोंगरावर पूर्वी गवे होते. गवा म्हणजे दोन रेडे एकात एक कोंबलेले. माझ्या आजोबांच्या वेळी एक गवा शिंकला, तर नांदगावात कोणाच्या खळ्यात वाळत घातलेले पापड उडाले. पुढे गवे गेले. आता ते परत आणून सोडायचं वनखात्याने ठरवलं, आणि कुठला डोंगर त्यांना मानवेल ते तपासायला चारुता मॅडम आल्या. चाळून चाळून दोनच डोंगर उरले होते. एक आमचा, एक पलीकडच्या तळेवाडीचा.

अडचण झाली ती आमच्या वाडीतल्या लवूची. उतारावर त्याची काजूची दीडशे कलमं, पाच वर्षं पोरांसारखी वाढवलेली. गवे आले की कलमं गेली.

त्याने डोंगर नापास करायचा घाट घातला. आठ दिवस साऱ्या वाडीची गुरं वर चारली. डोंगर असा भादरला की नाकतोडे बिऱ्हाड घेऊन आमच्या परसात राहायला आले. झऱ्यावर झावळ्या टाकून वर दगड रचले. बायकोला, सुगंधाला, बजावलं की मॅडमनी विचारलंच तर घरातलं पाणी खालच्या विहिरीचं म्हणायचं.

मॅडम सकाळपासून फिरल्या. चारा? नाही. पाणी? नाही. सावलीची तर फारच टंचाई आहे, असं लवूने ऑफिसातल्या शुद्ध मराठीत सांगितलं, आणि सांगताना तो ऐनाच्या झाडाच्या गार सावलीत घाम पुसत होता. मॅडम कागदावर फुल्या मारत गेल्या, तसा लवू खुलत गेला.

शेवटी मॅडम सहज म्हणाल्या, "तळेवाडीचे दीपेश बरोबर सांगत होते. भोमवाडीचा डोंगर म्हणजे नुसता कातळ, तिथे सरडासुद्धा पाहुणा म्हणून जात नाही."

दीपेश म्हणजे सुगंधाचा सख्खा भाऊ. लवूचे कान तापले आणि शुद्ध मराठी तिथेच गळून पडली.

"दीपेशान सांगल्यान? येवा माझ्यावांगडा."

तो मॅडमना बरोबर घेऊन झऱ्यावर गेला, दगड उपसले, झावळ्या भिरकावल्या. पाणी असं उसळलं की मॅडमची टोपी भिजली. भर मेमध्येही हे आटत नाही, असं त्याने तीनदा सांगितलं. मग जिथे गुरं उतरत नाहीत ती घळ दाखवली, आत माणूस बुडेल एवढं गवत. मॅडम दमल्या, तरी त्यांना ओढत नेऊन गव्यांनी लोळावं असा चिखलही दाखवला. फुल्या खोडल्या गेल्या. डोंगर पहिल्या नंबराने पास.

लवूच्या घरासमोरच्या खळ्यात चहा झाला. मॅडमनी शेवटचा कागद पुढे केला. बागायतदाराने डोंगर अयोग्य आहे अशी हरकत लिहून दिली, तर गवे तळेवाडीला जाणार होते.

सुगंधा दारातून म्हणाली, "लिवा हरकत. माझ्या भावान मुद्दाम सांगल्यान ता. तुमचो स्वभाव तेका म्हायत आसा."

लवूला पटलं. त्याने 'हरकत आहे' लिहिलं. 'डोंगर' लिहिलं. पुढे हात चालेना. पेन झटकलं, उरलेला चहा प्यायला, वर डोंगराकडे बघितलं. मग सगळं खोडून लिहिलं, 'हरकत नाही. असा डोंगर पंचक्रोशीत नाही.'

सुगंधा दारातून पुढे आली. कप उचलून आत गेली, आणि ते आदळल्याचा आवाज तळेवाडीत ऐकू गेला.

लवूने हळूच विचारलं, गवे कुठल्या वाटेने वर चढणार. मॅडमनी बोट दाखवलं. सरळ काजूंमधून.

लवूने त्या बोटाच्या रेषेत येणारी कलमं मोजली.

"बरा आसा," तो म्हणाला, "चढताना तेंका सावली तरी मिळात."